आखाजीचा कडू सोडा

ह्या आखाजीला आमच्या घरी जे झालं ते आता निदान पुढच्या आखाजीपर्यंत तरी निघत राहणार, जो पाहुणा येईल त्याला सांगितलं जाणार आणि दरवेळी त्यात माझा मूर्खपणा थोडा थोडा वाढत जाणार, म्हणून म्हटलं आपणच लिहून टाकू.

आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, आमच्या अमळनेरकडे लेकीबाळींचा सण. झाडाला झोके, घरात सांजोऱ्या, पुरणपोळी आणि आमरस, आणि बाहेर ऊन असं की रस्त्याचं डांबर चपलेला चिकटतं. आक्का आणि दाजी शहाद्याहून आलेले, दोन्ही मामा, माम्या, त्यांची पोरं, सगळे मिळून वीस-बावीस माणूस. माय म्हणाली जेवणं झाली की सगळ्यांना लिंबू सोडा कर, पुरणपोळीवर बरा असतो. म्हटलं होऊन जाऊ दे. आदल्या दिवशी कामानं जळगावला गेलो होतो तिथं एका मोठ्या दुकानात काचेच्या मस्त छोट्या बाटल्या दिसल्या, लेबलवर बुडबुडे काढलेले, खाली वॉटर लिहिलेलं, वर दोन घेतल्या की एक फुकट. मी सरळ दोन डझन उचलल्या. पूर्ण नाव वाचलं नाही, ही माझी चूक, दुकानाची अजिबात नाही.

दुपारी लिंबं पिळली, साखर, मीठ, थोडी जिरेपूड, वरून बाटली ओतली, फेस असा आला की पोरं टाळ्या पिटायला लागली. पहिला ग्लास अर्थातच दाजींना. दाजी भला माणूस, एक घोट घेतला, डोळे एकदम बारीक झाले, पण सासुरवाडीत बसलेत म्हणून गिळला आणि "छान आहे" म्हणाले. मोठ्या मामांना असला काही संकोच नसतो. त्यांनी घोट घेऊन तो परत ग्लासात सोडला आणि सगळ्या ओट्यावर ऐकू जाईल असं म्हणाले, "हाई काय शे रे भो? सोडा शे का किराईतना काढा?"

मग बाटली हातात घेऊन चष्मा लावून वाचली. टॉनिक वॉटर. खाली बारीक अक्षरात क्विनाइन. म्हणजे मी भर आखाजीत अख्ख्या खानदानाला हिवतापाचं औषध पाजत होतो.

शेवटी धाकट्या मामांच्या पोराला गाडीवर पाठवून स्टँडजवळून साधा सोडा आणला आणि वेळ निभावली. पण डोक्यात किडा शिरला. आपण सगळ्यालाच सोडा म्हणतो. भज्यात टाकतो तो सोडा, धुण्याचा तोही सोडा, गोटीच्या बाटलीतला सोडा, आणि बाटलीत गॅसवालं काहीही दिसलं की सोडाच. पुढचे आठ दिवस रात्री मोबाईलवर हेच वाचत बसलो, बायको म्हणाली परीक्षा आहे का.

तर मुळात गॅस सगळ्यात एकच असतो, कार्बन डायऑक्साइड. तो दाबानं पाण्यात घुसवला की त्यातला थोडा पाण्याशी मिळून कार्बोनिक अ‍ॅसिड होतं आणि तेच जिभेला टोचतं. मला आजपर्यंत वाटायचं टोचतात ते बुडबुडे. तसं नाहीये. बुडबुडे तयारच होऊ शकणार नाहीत इतक्या जास्त हवेच्या दाबाच्या खोलीत माणसांना बसवून सोडा पाजलाय लोकांनी, तरी तो तसाच झोंबला. आपल्या जिभेवरच एक एन्झाइम असतं, ते त्या गॅसचं अ‍ॅसिड करून दाखवतं. हे वाचलं आणि एकदम धुळ्याच्या मित्राची आठवण झाली, तो बाईकवर लेहला गेला होता, उंचीचा त्रास नको म्हणून डायमॉक्सच्या गोळ्या खात होता आणि परत आल्यावर सांगत फिरायचा की तिकडचं कोल्ड्रिंक सगळं डुप्लिकेट, नुसतं साखरेचं पाणी लागतं. आम्ही पण मान डोलावली होती. डुप्लिकेट काही नव्हतं, ती गोळी नेमकं तेच एन्झाइम बंद पाडते. त्याला फोन करून सांगितलं तर म्हणे नाही, डुप्लिकेटच होतं.

हे पाण्यात गॅस घालायचं डोकं लढवलं जोसेफ प्रीस्टली नावाच्या इंग्रज पाद्र्यानं. 1767 साली लीड्समधे तो बिअरच्या भट्टीशेजारी राहत होता, आंबवायच्या पिंपावर जो जड गॅस साठून राहतो त्यात त्यानं पाण्याची भांडी धरून इकडून तिकडं ओतून पाहिली आणि पाण्याला मस्त आंबूस चटका आला. 1772 मधे त्यानं त्याची कृती छापली पण स्वतः त्यातून पैसा काही केला नाही. पैसा केला याकोब श्वेप्पनं, 1783 मधे जिनिव्हात, त्याच्याच नावाची कंपनी आजही चालते. नेहमीचंच आहे.

म्हणजे गॅस सारखा, पाणी आणि त्यात अजून काय घातलंय ते वेगळं, एवढाच सगळा फरक. पण त्या एवढ्याशा फरकानं माझी आखाजी गेली.

सगळ्यात साधं म्हणजे सेल्टझर. साधं पाणी अधिक गॅस, बस, दुसरं काही नाही. गंमत नावाची आहे. जर्मनीत सेल्टर्स नावाचं गाव आहे, तिथल्या झऱ्याचं पाणी मुळातच गॅसवालं आणि क्षारांनी भरलेलं, ते मातीच्या बुधल्यांत भरून दूरदूरपर्यंत विकलं जायचं. त्या गावाचं नाव घेऊन आज अमेरिकेत जे विकतात त्यात क्षार काहीच नसतात. म्हणजे पैठणी म्हणून साधं लुगडं विकावं तसं. आपल्याकडे सेल्टझर हे नाव दुकानात फारसं दिसत नाही, पण ज्या सोड्याच्या बाटलीवर घटक म्हणून फक्त कार्बोनेटेड वॉटर लिहिलंय ती तीच वस्तू.

क्लब सोडा म्हणजे हेच, पण त्यात मुद्दाम चिमूटभर क्षार घातलेले. कधी खायचा सोडा, म्हणजे सोडियम बायकार्बोनेट, कधी सोडियम सायट्रेट, कधी पोटॅशियमचं काही. नुसत्या गॅसच्या पाण्याला जी आंबट कड असते ती त्यानं बसते, चव गोलसर होते. लेबलवर आयएनएस 500 किंवा 331 असे घटकांचे आकडे दिसले तर ते हेच, घाबरायचं कारण नाही, 290 म्हणजे तर खुद्द गॅस. मी आता दुकानात उभा राहून आकडे वाचतो आणि मागच्या लोकांच्या शिव्या खातो.

इथं आमच्या आण्णांचा विषय येतो. आण्णांना बीपी. डॉक्टरांनी मीठ कमी करा सांगितल्यापासून लोणचं बंद, पापड बंद, शेवभाजी बंद, आणि ह्या सगळ्याचं दुःख म्हणून रोज रात्री एक सोडा. मी क्लब सोड्यात सोडियम असतं हे वाचलं आणि घरात जाहीर करून टाकलं, आण्णांचा सोडा बंद. आण्णा दोन दिवस बोलले नाहीत. मग मी नीट हिशोब केला. 355 मिलीच्या एका क्लब सोड्यात साधारण 75 मिलीग्रॅम सोडियम, ब्रँडप्रमाणे कमीजास्त. आणि आण्णा त्या सोड्यात लिंबू पिळून वर जे काळं मीठ टाकतात ते पाव चमचा धरलं तर 500 मिलीग्रॅमच्या आसपास. दिवसाचं सगळं मिळून 2000 च्या आत ठेवा असं जागतिक आरोग्य संघटना म्हणते. म्हणजे चोर बाटलीत नव्हताच, चमच्यात होता. काळं मीठ म्हणजे मीठ नाही, ते औषधी असतं, असं आण्णांचं पक्कं मत आहे, आणि ते बऱ्याच घरांत असतं. ते पण मुख्यतः सोडियम क्लोराइडच आहे हो. आता सोडा चालू आहे, मीठ बंद, आणि आण्णा तो नुसता सोडा असा पितात की बघणाऱ्याला वाटावं विष घेतायत.

मीठ टाकलं की सोडा का उसळतो हे पण त्याच नादात कळलं. त्यात रसायन वगैरे फारसं नाही. गॅस बाहेर पडायला टेकायला जागा शोधत असतो, मिठाचा प्रत्येक खडबडीत कण म्हणजे त्याला जागा, मग सगळा एकदम सुटतो. म्हणून गाडीवाला आधी मीठ-लिंबू ग्लासात घालून वरून सोडा ओतून लगेच हातात देतो आणि "प्या प्या लवकर" म्हणतो. आपण फेस बघून खुश, पण तो जो फेस गेला तोच तर सोडा होता.

मिनरल वॉटरचा प्रकार मला सगळ्यात आवडला, कारण तो वाचताना आमचा बोअर डोळ्यासमोर आला. स्पार्कलिंग मिनरल वॉटर म्हणजे झऱ्याचं पाणी, जमिनीतून येताना कॅल्शियम, मॅग्नेशियम, बायकार्बोनेट असं काय काय घेऊन येतं, आणि गॅस कधी जमिनीतूनच असतो तर कधी नंतर घालतात. फ्रान्सचं पेरिए वेर्जेझ गावचं, तिथं जमिनीतून गॅस येतो खरा पण पाणी आणि गॅस वेगळे काढून परत एकत्र करायचे. इटलीच्या सान पेलेग्रीनोत गॅस वरून घातलेला. जर्मनीच्या गेरोलश्टाइनरमधे लिटरला 2500 मिलीग्रॅमच्या आसपास क्षार असतात, आणि तिकडं लोक ते मुद्दाम, आवडीनं, पैसे देऊन पितात!

आता आमच्या बोअरचं बघा. आरओवाल्यानं मीटर बुडवला तेव्हा टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं माप, 1100 आला होता आणि त्यानं असं तोंड केलं की घरात कोणी गेलंय. गिझरच्या कॉइलवर पांढरा थर, तूरडाळ तीन शिट्ट्यांत शिजत नाही, स्टीलच्या तांब्यावर डाग. त्या पाण्यातले क्षार काढायला आम्ही हजारो रुपयांचं मशीन बसवलं आणि युरोपातले लोक तेच क्षार बाटलीतून विकत घेतात. अर्थात झऱ्याचं ते पाणी सारखं तपासलेलं असतं आणि बोअरमधे फ्लोराइड, नायट्रेट काय असेल ते टीडीएसच्या आकड्यावरून कळत नाही, त्यामुळे माझं ऐकून कोणी आरओ काढून टाकू नका. पण चवीपुरतं सांगायचं तर जड पाण्याला गॅस दिला की ते वाईट लागत नाही. तो कटू-खारट मचूळपणा गॅसच्या आंबटपणाखाली दबतो.

आणि ह्यावरूनच मला लहानपणीचं एक कोडं सुटलं. आमच्या गल्लीच्या टोकाला सोड्याचा कारखाना होता, कारखाना म्हणजे एक खोली. आत एक ओली फरशी, गॅसचं नळकांडं आणि बाटल्या गरगर फिरवायचं हाताचं मशीन. गोटीच्या हिरवट बाटल्या पाणी भरून त्या पिंजऱ्यात अडकवायच्या, गॅस सोडायचा आणि हँडल फिरवायचं. बाटल्या उलट्यासुलट्या होत राहायच्या, पाण्यात गॅस मिसळायचा, आणि बाटली उलटी झाली की आतली गोटी गळ्यातल्या रबरी वायसरवर येऊन बसायची, मग आतला दाबच तिला धरून ठेवायचा. बूच नाही, झाकण नाही, काही नाही. हे डोकं हिरम कॉड नावाच्या इंग्रजाचं, 1872 सालचं, आणि ते अमळनेरच्या गल्लीत शंभर वर्षांनंतरही फिरत होतं. मशीनला जाळी असायची कारण कधीमधी बाटली फुटायची. आम्हाला दारात उभं राहू द्यायचे, आत पाऊल टाकलं की ओरडा.

उघडायचं ते लाकडी ठोकळ्यानं, तळहाताचा एक दणका, ठॉक, आणि गोटी खाली. पिताना बाटली बरोबर बाजूनं धरायची, गळ्यातल्या खाचेत गोटी अडकली पाहिजे, नाहीतर ती परत येऊन तोंड बंद करते आणि नवखा माणूस चोखत बसतो. आमच्या मुंबईच्या आतेभावाला आम्ही हे मुद्दाम सांगायचो नाही.

तर कोडं असं की आमच्या गल्लीचा सोडा वेगळा लागायचा आणि चोपड्याला मामांकडचा वेगळा. तेव्हा वाटायचं मामांकडचा माणूस काहीतरी मिसळतो. आता वाटतं तो काहीच मिसळत नव्हता, त्याचं पाणीच वेगळं होतं. आमचा कारखाना आडाचं पाणी वापरायचा, ते जड. म्हणजे आम्ही लहानपणी चार-आठ आण्यात मिनरल वॉटर पीत होतो, फक्त कोणी सांगितलं नाही.

उन्हाचा पण हिशोब सांगतो, कारण आपल्याकडे तो सगळ्यात महत्त्वाचा. साध्या हवेच्या दाबाला शून्य अंशाच्या एक लिटर पाण्यात साधारण 3.3 ग्रॅम गॅस मावतो, 20 अंशाला 1.7 आणि 40 अंशाला जेमतेम 1 ग्रॅम. आता भुसावळ-जळगावला मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो. डिकीत ठेवलेली बाटली उघडली की फस्सकन अर्धी अंगावर येते आणि उरलेली निपचित, ती ह्यामुळे. ग्लासात बर्फ टाकून वरून गरम बाटली ओतण्यापेक्षा बाटलीच आधी तासभर बर्फाच्या पाण्यात बुडवून ठेवा. बर्फाचा खडा पण मिठासारखाच, गॅसला टेकायला जागा देतो. हे मी पैज लावून सांगतो, आखाजीनंतर चार वेळा करून पाहिलंय.

आता मूळ आरोपी, टॉनिक वॉटर. हा सोडा नाहीच, हे कडू सरबत आहे. गॅसचं पाणी, साखर आणि क्विनाइन. साखर पण थोडीथोडकी नाही, 100 मिलीला 8-9 ग्रॅम, म्हणजे कोल्ड्रिंकच्या जवळपास, फक्त कडूपणाच्या आड लपलेली म्हणून कळत नाही. साखरेशिवायचंही मिळतं. ज्यांना शुगर आहे आणि जे "मी कोल्ड्रिंक घेत नाही, टॉनिक घेतो" म्हणतात त्यांनी एकदा बाटली फिरवून बघा.

क्विनाइन येतं सिंकोना झाडाच्या सालीतून, झाड मूळ दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज डोंगरातलं. 1820 मधे दोघा फ्रेंच माणसांनी सालीतून ते वेगळं काढलं आणि हिवतापावर तेच औषध झालं. इंग्रजांनी तर निलगिरीत आणि दार्जिलिंगकडे सिंकोनाचे मळेच लावले. ते कडूजहर औषध गिळायला सोपं जावं म्हणून साखर, गॅसचं पाणी, आणि साहेब लोकांच्या बाबतीत जिन. 1870 मधे श्वेप्स कंपनीनं जे टॉनिक बाजारात आणलं त्याच्या नावातच इंडियन होतं. सातपुड्याच्या पायथ्याला राहणाऱ्या माणसाला हिवताप काय हे सांगायला नको, माझ्या आजीच्या गोष्टीत दर दुसऱ्या माणसाला थंडी वाजून ताप यायचा. पण आजचं टॉनिक पिऊन मलेरिया जाणार नाही बरं का. अमेरिकेत त्यात क्विनाइनला लिटरमागे 83 मिलीग्रॅमची मर्यादा आहे, आणि औषध म्हणून मोठ्या माणसाला एका वेळेलाच 600 च्या आसपास देतात. मामांना हे सांगून पाहिलं की तुम्ही घेतलेल्या एका घोटात दोन-तीन मिलीग्रॅम सुद्धा नसेल. मामा म्हणाले, "त्या दोनमाच इतलं कडू?"

एक गोष्ट मला फार भारी वाटली ती म्हणजे बिसलेरी. आपण बाटलीतल्या कुठल्याही पाण्याला बिसलेरी म्हणतो, आणि ते नाव ज्या इटालियन माणसाचं, फेलिचे बिसलेरी, त्याचं मूळचं गाजलेलं उत्पादन म्हणजे लोह आणि सिंकोना घातलेलं एक कडू मद्य! पुढं ते नाव मुंबईला पाण्यासाठी आलं, 1969 मधे पारलेनं चार लाखाला घेतलं, तेव्हा ते साधं आणि बुडबुड्यांचं अशा दोन्ही रूपात काचेच्या बाटलीत मिळायचं आणि पारलेला खरा रस त्यातल्या सोड्यात होता. म्हणजे हे सगळे एकाच घरातले निघाले. मी दुकानात सोडा समजून सिंकोना उचलला तर एवढं काय बिघडलं, हे मी बायकोला समजावून पाहिलं. उपयोग झाला नाही.

दाजींचं मत वेगळंच आहे. शहादा-नंदुरबारकडं सुरत जवळ, त्यामुळे ते सोस्योवाले. सुरतचं 1923 पासूनचं पेय, स्वदेशीच्या काळातलं, त्यांच्या मते जगात गॅसचं पाणी एकच आणि बाकी सगळा टाइमपास. पुढच्या वेळी येताना सोस्योचा क्रेट मीच घेऊन येतो असं ते जाताना म्हणाले. दाजी हे प्रेमानं म्हणाले की मला टोमणा मारला हे आक्काला विचारायची माझी हिंमत झालेली नाही.

टॉनिकच्या पंधरा बाटल्या उरल्या होत्या. कोणी हात लावेना. मग कुठंतरी वाचलं की क्विनाइन अल्ट्राव्हायोलेट उजेडात निळं चमकतं. आमच्या शेजारी सोनाराचं दुकान आहे, त्यांच्याकडे नोटा तपासायचा तो जांभळा दिवा असतो, तो रात्री मागून आणला. अंगणात लाइट बंद केला, सगळी भाचरं गोल करून बसवली, एका ग्लासात टॉनिक, एका ग्लासात साधा सोडा, आणि दिवा लावला. सोड्याचा ग्लास तसाच काळोखात, आणि टॉनिकचा असा निळाशार पेटला की पोरांचा आवाजच बंद. आजी खाटेवरून उठून काठी टेकत आली, ग्लासाजवळ तोंड नेऊन बराच वेळ बघत राहिली.

"काजवा चमकस तसं दिखस रे," म्हणाली. आणि मग बोट बुडवून चाखलं, थू केलं, आणि परत बघत बसली.